नव्या नोकरीत सहा आठवड्यांची रजा

प्रिय पंत,

फोनवर तू नव्या नोकरीचं विचारलंस तेव्हा मी दोन शब्दांत आटपलं, कारण ताई शेजारीच बसली होती. माझ्या रजेचा विषय तिच्या कानावर जाऊ द्यायचा नव्हता. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

ताईला किडनी मी देणार हे आता पक्कं झालं. आबा हट्टाने पुढे आले होते, पण तपासणीत शुगर निघाली आणि डॉक्टरांनी त्यांना बाद केलं. आईला कधीपासून ब्लडप्रेशर आहे. दाजींचा रक्तगट जुळत नाही. उरलो मी. चाकणला रुजू झालो तेव्हा आबाच देणार असं ठरलेलं होतं, त्यामुळे मुलाखतीत यातलं काही सांगण्याचा प्रश्नच नव्हता. मृत दात्याच्या किडनीसाठी पुण्याच्या प्रतीक्षायादीत ताईचं नाव आहेच, पण त्या यादीत लोक वर्षानुवर्षं थांबलेले आहेत. तेवढा धीर तिच्या शरीराला आहे असं मला वाटत नाही.

तू तिला बरेच दिवसांत पाहिलेलं नाहीस. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबून बसायचं, मग घरी येऊन नुसतं पडून राहायचं. पाणी मोजून प्यायचं. भाज्या उकळून त्यांचं पाणी फेकून द्यायचं, पोटॅशियम नको म्हणून. शहाळं बंद. ज्या हाताला फिस्टुला केलाय (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशनने धमनीला जोडलेली शीर), त्या हाताने भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. एवढं सगळं सांभाळून ती पोरीचा अभ्यास घेते, आणि मी आलो की मलाच विचारते, "जेवलास का?"

आता रजेचं. ऑपरेशन दुर्बिणीतून होतं आणि देणारा माणूस साधारण चार-पाच दिवसांत घरी येतो. बहुतेक वेळा डावी किडनी घेतात, कारण तिची शीर लांब असते आणि जोडायला बरी पडते. खुर्चीवरचं काम असतं तर मी लवकर परतलो असतो. पण आमचं काम लाइनवरचं. पार्ट तपासायचे, फिक्श्चर उचलायचं, ट्रॉली ढकलायची, शिफ्टभर उभं राहायचं. जड उचलायला सहा आठवडे सक्त मनाई आहे. म्हणून सहा आठवडेच मागायचे होते, आणि तेही प्रोबेशनमध्ये, जिथे माझ्या खात्यावर धड आठवड्याचीही रजा जमलेली नाही.

सल्ले खूप मिळाले. कुणी म्हणालं, आधी पंधरा दिवस माग, मग सर्टिफिकेट पाठवून वाढवत राहा. कुणी म्हणालं, कन्फर्म झाल्याशिवाय तोंडच उघडू नकोस. दोन्ही मला पटले नाहीत. थांबायचं म्हणजे ताईने आणखी तितके महिने त्या मशीनवर काढायचे. आणि हप्त्याहप्त्याने मागितलेल्या रजेत माझ्या जागी कोण उभा राहणार हे लाइनवर कुणालाच ठरवता येत नाही, रोज नवी ओढाताण होते. पुरी मुदत एकदाच सांगितली की समोरच्याला निदान माणूस तरी लावता येतो.

तारखा, रुग्णालयाचं पत्र आणि माझ्या कामाची वाटणी एका कागदावर लिहून साहेबांकडे गेलो. वाटेत छाती धडधडत होती. रजेची कारणं ऐकून ऐकून ही माणसं कठोर झालेली असतील असं मनात होतं. त्यांनी कागद वाचला आणि आधी विचारलं, "एका किडनीवर तुला पुढे त्रास नाही ना होणार?" पंत, माझा कंठ दाटून आला. नीट उत्तरही देता आलं नाही.

मग एचआरचं उत्तर आलं. रजा विनापगारी, तेवढ्या दिवसांनी प्रोबेशन पुढे जाणार, मेडिक्लेम चालू राहणार. हे सगळं मी मेलवर मागून घेतलं. साहेब चांगले आहेत, पण उद्या त्यांची बदली झाली तर तोंडी शब्दाला कोण विचारतो? दीड महिना पगार नाही आणि घराचा हप्ता आहे. हिने आणि मी जमवलंय, त्याची तू काळजी करू नकोस.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी नियम केला की अवयवदान करणाऱ्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा, पगारासकट. म्हणजे बरोब्बर सहा आठवडे. खासगी कंपन्यांना तसं बंधन नाही. मला समजूतदार साहेब भेटला. माझ्याच लाइनवरच्या कंत्राटी पोराने भावासाठी हेच मागितलं तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास बंद करेल. भाऊ-बहिणीला किडनी देण्याची मुभा १९९४ च्या कायद्याने दिली, पण देऊन आल्यावर नोकरी टिकेल की नाही हे मात्र साहेबाच्या मनावर. हे बदललं पाहिजे, असं मला अगदी आतून वाटतं.

सध्या कागदपत्रांची धावपळ चालू आहे. लग्नानंतर ताईचं आडनाव बदललं, त्यामुळे आम्ही सख्खे आहोत हे दाखवायला शाळा सोडल्याचे दाखले, जुनं रेशनकार्ड, तिच्या लग्नाचं प्रमाणपत्र, घरातले जुने फोटो असं सगळं काढलं. सगळ्यात जास्त घाबरलीय ती आई. एकाच वेळी दोन्ही लेकरं टेबलावर! तिला मी बोस्टनचं सांगितलं. पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण १९५४ साली तिथे जुळ्या भावांमध्ये झालं, आणि देणारा भाऊ रोनाल्ड हेरिक त्यानंतर ५६ वर्षं जगला. ती ऐकून गप्प बसली. रात्री मात्र हिला म्हणाली, "तेवढा जगला ना, मग ठीक आहे."

आता तुझ्याकडे मागणं. ऑपरेशनच्या दिवसांत आई, दाजी आणि ही पुण्यात असतील. कराडच्या घरी आबा आणि भाची दोघंच. आबा गोळ्या विसरतात, आणि विचारलं की घेतल्या म्हणतात. तू रोज संध्याकाळी एक चक्कर मारशील का? डबी उघडून बघायची, त्यांच्या शब्दावर जायचं नाही. भाचीची रिक्षा ठरवली आहे, पण रिक्षावाला आला नाही तर तिला शाळेत सोडायला तूच. जमणार नसेल तर मोकळेपणाने सांग, मी मावशीला बोलावून घेईन. पण आबा तुझं ऐकतात, म्हणून आधी तुला विचारतोय.

तारीख पुढच्या आठवड्यात कळेल, लगेच फोन करतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मन्या