तक्रार : ‘नवीन संगणक निवडा’ या आपल्या सूचनेने केलेली दिशाभूल आणि अडलेला निगेटिव्ह स्कॅनर

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : विंडोज ११ घ्यावे की नाही याबाबत आपल्या ॲपने आणि मदत केंद्राने दिलेली चुकीची माहिती

महोदय / महोदया,

आमच्या घरात आपल्या कंपनीच्या तीन वस्तू आहेत. २०१९ साली घेतलेला माझा डेस्कटॉप, बाबांचा २०१७ सालचा लॅपटॉप आणि २०१४ मध्ये घेतलेला, फिल्मच्या निगेटिव्ह स्कॅन करण्याचा स्कॅनर. तिन्ही आजही धडधाकट आहेत आणि एकाचीही कधी दुरुस्ती करावी लागलेली नाही, हे आधी नोंदवते. वस्तूंबद्दल माझी तक्रार नाही. विंडोज १० वर राहायचे की विंडोज ११ घ्यायचे, एवढे ठरवण्यासाठी मी आपल्याला तीनदा फोन केला आणि एकदा ईमेल लिहिली. प्रत्येक वेळी जे उत्तर मिळाले ते एकतर चुकीचे होते किंवा अर्धे होते. त्यातल्या एका उत्तरावर विसंबून मी जे केले ते आता मागे घेता येत नाही.

सुरुवात आपल्या ॲपपासून झाली. ऑगस्टमध्ये दोन्ही संगणकांवर, चालू केल्याबरोबर, एक लाल पट्टी येऊ लागली : ‘हा संगणक विंडोज ११ साठी योग्य नाही. नवीन संगणक निवडा.’ खाली बटण, आणि बटण दाबले की थेट आपले विक्रीचे पान. योग्य नाही तर का नाही, याबद्दल एक अक्षर नाही. बाबा रोज सकाळी ती पट्टी वाचून मला विचारत, ‘अगं, हा आता टाकून द्यायचा का?’

११ सप्टेंबरला मी पहिला फोन केला. कारण विचारले. उत्तर मिळाले, ‘मॅडम, मॉडेल जुने झाले आहे, त्यावर नाही चालणार. आणि १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० बंदच पडेल.’ ही दोन्ही वाक्ये खोटी होती. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट देणे थांबवले, हे खरे. पण १५ तारखेला सकाळी विंडोज १० चा संगणक आदल्या दिवशीसारखाच सुरू होतो. धोका आहे, तो वेगळा आहे. यापुढे त्या प्रणालीत जी भोके सापडतील ती आपोआप बुजवली जाणार नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले, तेव्हा ज्या भोकातून तो शिरला त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती किंवा ज्यांच्या जुन्या प्रणालीला ती मिळतच नव्हती, ते सापडले. हे मला ठाऊक आहे, म्हणूनच हातावर हात ठेवून बसायचे नव्हते. आपल्या प्रतिनिधीने हा खरा धोका समजावून सांगितला असता तर मी त्यांचे आभार मानले असते. त्यांनी संगणक बंद पडण्याची भीती घातली.

मग मी स्वतःच शोधायला बसले. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे मोफत साधन चालवले. डेस्कटॉपबद्दल त्याने नेमके एकच कारण दाखवले : टीपीएम २.० सापडत नाही. बाकी सगळे जुळत होते. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीतला. मेमरी ८ जीबी, लागते ४. साठवण लागते ६४ जीबी, आहे त्याच्या कितीतरी पट.

टीपीएम म्हणजे संगणकाच्या किल्ल्या सांभाळणारा भाग. त्यासाठी वेगळी चिप असलीच पाहिजे असे नाही. इंटेलच्या यंत्रांत हे काम आतल्या आत करण्याची सोय असते, तिला पीटीटी म्हणतात. एएमडीच्या यंत्रांत तिलाच एफटीपीएम म्हणतात. अनेक यंत्रांत ती असते, फक्त बंद ठेवलेली असते. माझ्या यंत्रात नेमके हेच होते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, सिक्युरिटीच्या पानावर ‘सिक्युरिटी डिव्हाइस सपोर्ट’ नावाची ओळ होती आणि तिच्यापुढे ‘डिसेबल्ड’. ती मी ‘एनेबल्ड’ केली, संगणक पुन्हा सुरू केला, आणि हेल्थ चेकने हिरवी खूण दाखवली. काम पाच मिनिटांचे. पण ती ओळ शोधायला माझ्या तीन संध्याकाळी गेल्या, कारण आपल्या माहितीपुस्तिकेत त्या पानाबद्दल फक्त पासवर्ड कसा ठेवायचा एवढेच लिहिले आहे. टीपीएम हा शब्द पुस्तिकेत एकदाही येत नाही.

ज्या संगणकाला आपण ‘योग्य नाही’ म्हणत होता, त्याला एक खटका वर करण्यापलीकडे काही नको होते. आपल्याकडे माझ्या यंत्राचा अनुक्रमांक आहे. आत कोणता प्रोसेसर बसवला हे आपल्याइतके कोणालाच माहीत नसणार. तरीही आपल्या ॲपने मला विक्रीच्या पानावर नेले. मी संगणकातली जाणकार नाही, घरी वापरणारी आहे. मला जे तीन संध्याकाळांत सापडले ते आपल्या ॲपला सांगता आले नसते, यावर माझा विश्वास बसत नाही.

बाबांच्या लॅपटॉपची गोष्ट निराळी. त्यात टीपीएम २.० आहे आणि चालूही आहे, पण प्रोसेसर सातव्या पिढीचा, तो यादीत नाही, आणि कोणताही खटका फिरवून तो यादीत येणार नाही. म्हणजे तिथे आपली पट्टी निम्मी खरी होती. उरलेली निम्मी गोष्ट आपण सांगितली नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा सेवा ठेवली आहे. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असेल तर तिच्यात नाव नोंदवता येते आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. संगणकाच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवल्या तर त्याचे वेगळे पैसेही भरावे लागत नाहीत. आपल्या ॲपने, पुस्तिकेने, फोनवरच्या तिघांपैकी कोणीही हे तोंडातून काढले नाही. दोन यंत्रे, दोन वेगळी कारणे, दोन वेगळे उपाय. आपली पट्टी मात्र दोन्हीकडे अक्षरशः एकच.

आता तक्रारीचा मुख्य भाग.

माझ्या आईला फोटो काढण्याची फार आवड होती. ३५ मिलिमीटरच्या फिल्मचे तिचे ४१ रोल आमच्याकडे आहेत, सहा-सहा चौकटींच्या पट्ट्या कापून पाकिटांत घातलेले. आई आता नाही. दर रविवारी मी आणि बाबा एक-एक पाकीट काढतो. मी पट्टी ब्लोअरने स्वच्छ करून स्कॅनरमध्ये सरकवते, पडद्यावर उलटे रंग सुलटे होतात आणि बाबा माणसे ओळखतात. कोणाचे कोण, कुठल्या वर्षीचे, त्या दिवशी काय झाले होते. ते सांगतात तसे मी फाइलच्या नावात लिहीत जाते. बऱ्याच चेहऱ्यांची नावे आता फक्त त्यांनाच माहीत आहेत, आणि ते ८१ वर्षांचे आहेत. सप्टेंबरपर्यंत २२ रोल झाले होते.

म्हणून विंडोज ११ घेण्याआधी, २४ सप्टेंबरला, मी मुद्दाम दुसरा फोन केला. दोनच प्रश्न विचारले. हा स्कॅनर विंडोज ११ वर चालेल का? आणि काही बिघडले तर परत जाता येईल का? पहिल्याचे उत्तर : ‘आमच्या सुसंगत उपकरणांच्या यादीत आहे, चालेल.’ मी यादी उघडून पाहिली, खरोखरच खूण होती. दुसऱ्याचे उत्तर : ‘महिनाभरात केव्हाही परत जाता येते, काळजी करू नका.’

२७ सप्टेंबरला सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून मी अपग्रेड केले. ते सुरळीत झाले. पुढच्या दोन रविवारी आमचे स्कॅनिंग राहून गेले; हाताशी महिना आहे म्हणून घाईही केली नाही. १२ ऑक्टोबरला स्कॅनर जोडला तर पडद्यावर सूचना आली की या उपकरणाचा ड्रायव्हर (ते चालवणारा छोटा प्रोग्राम) लोड होऊ शकत नाही. कारण शोधले तेव्हा कळले की मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय चालू आहे आणि तिने आपला ड्रायव्हर अडवला आहे. ही सोय ज्या ड्रायव्हरवर भरवसा ठेवता येत नाही त्यांना प्रणालीच्या गाभ्यात शिरू देत नाही. आपल्या संकेतस्थळावरचा या स्कॅनरचा सगळ्यात नवा ड्रायव्हर २०१४ चा आहे. त्यानंतर आपण त्याला हातही लावलेला नाही.

मी परत जायचे ठरवले. सेटिंग्जमध्ये ‘गो बॅक’चे बटण चालत नव्हते, आणि जुनी प्रणाली ज्या विंडोज.ओल्ड फोल्डरमध्ये असते तो पुसला गेला होता. परत जाण्याची मुदत १० दिवसांची असते. महिनाभराची मुदत विंडोज १० नवे आले त्या २०१५ सालची; ती पुढच्याच वर्षी कमी करून १० दिवसांवर आणली गेली. आपल्या प्रतिनिधीने मला नऊ वर्षे जुनी माहिती दिली. मला अधिक लागले ते पुढे वाचून. अपग्रेडनंतर त्या १० दिवसांच्या आत डीआयएसएम या विंडोजमधल्याच साधनाने एक आज्ञा दिली तर ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. कोणी खरी मुदत सांगितली असती तर मी दुसऱ्याच दिवशी स्कॅनर जोडून पाहिला असता. ती आज्ञा सांगितली असती तर आज परतही गेले असते.

१३ ऑक्टोबरला तिसरा फोन. सल्ला मिळाला, ‘मेमरी इंटिग्रिटी बंद करून टाका.’ मी एकदा बंद करून पाहिली; स्कॅनर चालला, हे प्रामाणिकपणे सांगते. लगेच परत चालू केली. सुरक्षित राहता यावे एवढ्याच कारणासाठी मी विंडोज ११ घेतले, आणि आपल्या एका जुन्या ड्रायव्हरसाठी त्याच सुरक्षेचे दार मी उघडे ठेवायचे? याच संगणकावरून माझे बँकेचे व्यवहार होतात. हा सल्ला देताना त्याचा धोका काय, हेही त्यांनी सांगितले नाही. मी विचारल्यावर म्हणाले, ‘काही होत नाही.’

त्याच संध्याकाळी मी ईमेल लिहिली. आठ दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले : ‘कृपया ऑपरेटिंग सिस्टिमच्या निर्मात्याशी संपर्क साधा.’ ड्रायव्हर आपला, सुसंगत उपकरणांची यादी आपली, तिच्यावरची खूण आपली. याबद्दल मी दुसऱ्या कोणाला काय विचारणार?

सध्या मी बाबांचा लॅपटॉप विंडोज १० वरच ठेवला आहे, वाढीव सुरक्षेत त्याचे नाव नोंदवले आहे आणि स्कॅनर त्याला जोडला आहे. लॅपटॉप जुना, पडदा लहान. एका पट्टीला पूर्वीपेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ लागतो आणि बाबांना चेहरे बघायला वाकावे लागते. १३ ऑक्टोबर २०२६ च्या आत उरलेले १९ रोल संपवायचे असे आम्ही ठरवले आहे. त्यानंतर लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालावी की तो इंटरनेटपासून तोडून फक्त स्कॅनरपुरता ठेवावा, ते पुढे पाहू. त्या वेळी आपल्याला विचारण्याची माझी इच्छा उरलेली नाही.

आपल्याकडून मला पुढील गोष्टी हव्या आहेत. ॲपमधली लाल पट्टी बदला. संगणक योग्य नसेल तर नेमके कारण तिथेच लिहा, आणि टीपीएम नुसते बंद असेल तर ते चालू कसे करायचे हे त्या मॉडेलच्या बायोसमधल्या शब्दांत सांगा. बायोसला हात लावण्यापूर्वी डिस्क एन्क्रिप्ट केलेली (कुलूपबंद) असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, आधी लिहून ठेवायची, ही सूचनाही तिथे हवी. माझी डिस्क तशी नव्हती म्हणून निभावले, दुसऱ्या कोणाची अडकून बसेल. जिथे विंडोज ११ खरोखरच शक्य नाही तिथे वाढीव सुरक्षेचा मार्ग दाखवा, नवीन संगणकाचे बटण त्याच्या खाली असू द्या. फोनवर बसणाऱ्या आपल्या लोकांना १० दिवसांची मुदत माहीत करून द्या.

आणि स्कॅनरबद्दल : मेमरी इंटिग्रिटी चालू असताना चालेल असा ड्रायव्हर आपण देणार आहात का, देणार असाल तर केव्हा, हे मला लेखी कळवा. देणार नसाल तर तसे स्पष्ट लिहा आणि यादीतली ती खूण आजच काढा. माझ्यासारखी आणखी कोणी तरी आत्ता ती खूण पाहून अपग्रेडचे बटण दाबायच्या बेतात असेल.

१५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ते ‘सिस्टिमच्या निर्मात्याशी संपर्क साधा’ असे नसावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत : तिन्ही वस्तूंच्या पावत्या, लाल पट्टीचे व ड्रायव्हरच्या सूचनेचे फोटो, सुसंगत उपकरणांच्या यादीचा २४ सप्टेंबरचा छाप, आपल्या ईमेलची प्रत.