‘फर्स्ट कॅरी किट’मधील सदोष होल्स्टर आणि चुकीच्या सल्ल्याबाबत तक्रार

दिनांक : १८ मार्च २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नवीन परवानाधारकांसाठी विकलेल्या किटमधील होल्स्टर रिव्हॉल्व्हरसह निसटून पडल्याबाबत, व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्याकडून मागवलेलं ‘फर्स्ट कॅरी किट’ मला २४ फेब्रुवारीला कुरिअरने मिळालं. किंमत ६,८५० रुपये. त्यात एक चामडी होल्स्टर (कमरेला शस्त्र अडकवायचं म्यान), एक पट्टा, सहा काडतुसं ठेवायचं पाऊच, साफसफाईचा गज आणि ब्रश, आणि एक इंग्रजी पुस्तिका होती. गज आणि ब्रशबद्दल माझी तक्रार नाही, ते चांगले आहेत. बाकीच्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमच्या फोनवरच्या मुलाला तीन वेळा सांगूनही त्याने तक्रारीत फक्त ‘साइज इश्यू’ एवढंच नोंदवलं आहे.

माझा फलटण-लोणंद रस्त्यावर पेट्रोल पंप आहे. शनिवार-रविवार जोडून आले की सोमवारी तीन-तीन दिवसांची रोकड घेऊन बँकेत जावं लागतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या मॅनेजरच्या हातातली बॅग मोटरसायकलवरच्या दोघांनी हिसकावली, तेव्हा मी साताऱ्याला परवान्यासाठी अर्ज केला. पोलीस चौकशी, डॉक्टरांचा दाखला, मध्ये निवडणुकीची आचारसंहिता, असं करत करत परवाना हातात पडायला चौदा महिने गेले. म्हणजे मी हौस म्हणून शस्त्र घेतलेलं नाही, आणि घाईने तर मुळीच नाही.

रिव्हॉल्व्हर निवडतानाही मी सहा जणांना विचारलं होतं. सगळे म्हणाले, ताई, तुम्ही ‘निर्भीक’ घ्या, ती बायकांसाठीच काढली आहे. २०१४ साली ती बाजारात आली तेव्हा दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीत घालून विकायला ठेवली होती म्हणे. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पण शस्त्र हलकं असलं की गोळी सुटताना हाताला धक्का जास्त बसतो, आणि नवशिक्याचा हात पहिल्या दोन गोळ्यांनंतरच दचकायला लागतो. हे मला आमच्या शेजारच्या निवृत्त सुभेदार काकांनी समजावलं. म्हणून मी कानपूरच्याच कारखान्याची नेहमीची .३२ बोअरची (नळीचं माप) घेतली. साधारण सातशे ग्रॅम, तीन इंची नळी, सहा गोळ्या. रिव्हॉल्व्हरबद्दल माझं काही म्हणणं नाही. हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच, की ऑर्डर देताना मी फोनवर ‘.३२ रिव्हॉल्व्हर, तीन इंची’ असं स्पष्ट सांगितलं होतं. तुमच्या मुलाने उत्तर दिलं, “मॅडम, आपलं होल्स्टर युनिव्हर्सल आहे, सगळ्याला बसतं.”

सगळ्याला बसतं ते कशालाच नीट बसत नाही. तुमचं होल्स्टर चपट्या पिस्तुलाच्या घाटाचं आहे. रिव्हॉल्व्हरची गोळ्या भरायची चक्री मध्ये फुगीर असते. ती त्या चामड्यात अडते आणि शस्त्र तळापर्यंत जातच नाही. मी शाळेची फूटपट्टी लावून मोजलं, दोन सेंटिमीटर वर राहतं. त्यामुळे ट्रिगर गार्डचा (चापाभोवतीच्या कडीचा) वरचा भाग उघडा पडतो आणि चापापर्यंत बोट सहज जातं. बोट जातं तिथे ओढणीचा पदर जातो, किल्लीचा जुडगा जातो, कुर्त्याचं बटणही जातं. होल्स्टरचं पहिलं काम चाप पूर्ण झाकणं हे आहे, शस्त्र लपवणं त्यानंतरचं. आणि तुमचं होल्स्टर तिथेच नापास होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे चामडं. इतकं मऊ, की शस्त्र बाहेर काढलं की तोंड मिटून जातं, रिकाम्या पिशवीसारखं. परत आत घालायचं तर डाव्या हाताने तोंड फाकवून धरावं लागतं, म्हणजे नळीच्या समोर स्वतःचीच बोटं. हा प्रयोग मी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर केला, काडतुसं कपाटात कुलपात होती. तरीसुद्धा अंगावर काटा आला.

आता मुख्य प्रसंग. किटमधला पट्टा ३८ ते ४४ इंच कमरेचा, पुरुषाच्या पॅन्टच्या लूपमधून घालायचा. मी रोज सलवार-कुर्ता घालते, कार्यक्रमाला साडी. तुमच्या जाहिरातीत ‘साडी, ड्रेस, जीन्स, कशावरही’ असं लिहिलं आहे. मी फोन करून विचारलं, साडीवर कसं? उत्तर मिळालं, “परकराच्या नाडीला क्लिप लावा ना मॅडम.” परकराच्या नाडीवर सातशे ग्रॅम लोखंड आणि वर सहा काडतुसं! हे सांगणाऱ्याने आयुष्यात परकर वाळत घातलेलासुद्धा पाहिला नसावा. ते मी केलं नाही. पण सलवारच्या आत जुना कापडी पट्टा बांधून त्याला क्लिप लावली, कारण त्या मुलाने तसं केलं तर चालेल असं सांगितलं होतं.

१० मार्चला सोमवारी सकाळी बँकेत निघण्यासाठी मी तयार होते. शनिवारी दुसरा शनिवार, मग रविवार, त्यामुळे रोकड मोठी होती. तेवढ्यात वेळेआधीच टँकर आला. खरं तर शस्त्र काढून आत कपाटात ठेवायला हवं होतं, ती चूक माझी, मी नाकारत नाही. ड्रायव्हर घाई करत होता, म्हणून पेट्रोलची डेन्सिटी (घनता) मोजायला मी तशीच बाहेर गेले. जारमधल्या हायड्रोमीटरचा आकडा वाचायला खाली वाकले आणि कमरेतून काहीतरी घसरल्यासारखं वाटलं. पुढच्या क्षणाला क्लिपसकट अख्खं होल्स्टर, आत रिव्हॉल्व्हर, सिमेंटच्या फरशीवर आदळलं. शेजारी पेट्रोलने भरलेला जार, दोन हातांवर टाकीचं उघडं झाकण, आणि समोर बारा हजार लिटरचा टँकर. ड्रायव्हर तीन पावलं मागे सरकला आणि हात वर करून उभा राहिला, जणू मी त्याच्यावरच रोखलं आहे. आमचा पंपावरचा पोरगा नोझल हातात धरून पुतळ्यासारखा. कुणी काही बोललं नाही. टँकरच्या नळीतून थेंब पडत होते, तेवढाच आवाज.

घोडा (काडतुसावर आपटणारी मागची हातोडी) चढलेला नव्हता, गोळी सुटली नाही. ऑफिसात येऊन मी सहाही काडतुसं वर्तमानपत्रावर काढली, तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की एक काडतूस टेबलाखाली गेलं. ते सापडेपर्यंत मी खुर्चीत बसले नाही. त्या दिवशी बँकेत भावाला पाठवलं.

होल्स्टर का निसटलं ते नंतर बारकाईने पाहिलं. क्लिप पातळ स्प्रिंगच्या पत्र्याची आहे आणि तिच्या खालच्या टोकाला आत वळलेला आकडा नाही. जाड चामडी पट्ट्याला ती कदाचित धरत असेल. कापडावरून ती नुसती सरकते. घरी रिकाम्या शस्त्रावर दहा वेळा करून पाहिलं, त्यातल्या सात वेळा रिव्हॉल्व्हर ओढलं की होल्स्टरही बरोबर हातात येतं. म्हणजे खरोखर वेळ आली असती तर मी समोरच्यावर चामड्याची पिशवी रोखून उभी राहिले असते.

तुमच्या पुस्तिकेबद्दलही लिहायला हवं. सगळी चित्रं अमेरिकेतल्या पुरुषांची आणि अमेरिकेतल्या पिस्तुलांची. पान चारवर नवशिक्यांनी ९ मिमी घ्यावं असा सल्ला आहे. आपल्याकडे ९ मिमी हे निषिद्ध बोअर आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही, म्हणून तर सगळे .३२ वर येतात. हे शस्त्राचं साहित्य विकणाऱ्या कंपनीला माहीत नसेल तर कमाल आहे, आणि माहीत असून छापलं असेल तर आणखी कमाल. घरी रिकामं शस्त्र बांधून आठवडाभर वावरा, बसा, वाका, गाडी चालवा, संडासला जाताना काय करायचं ते आधी ठरवा, यातलं एक अक्षर त्यात नाही. हे मला सुभेदार काकांनी सांगितलं, “ताई, बांधून झाडू मारा, ताक घुसळा, मग कळेल कुठं टोचतं नि कुठं निसटतं.” त्यांचं मी पूर्ण ऐकलं नाही, तीनच दिवस केलं. तेव्हा वाकून डेन्सिटी बघितली नव्हती.

आणि सगळ्यात गंभीर. तुमच्याच मुलाने दुसऱ्या फोनवर मला सांगितलं, “मॅडम, थोडं दिसू द्या, वचक बसतो.” शस्त्र नियम २०१६ चा नियम ३२ त्याने वाचावा. सार्वजनिक ठिकाणी हॅन्डगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच साधनात हवी, ती पूर्ण झाकलेली हवी, आणि बाळगणाऱ्याचा तिच्यावर ताबा हवा. दाखवत फिरण्याला मनाई आहे. परवाना माझा आहे, जाईल तो माझा जाईल. तुमच्या मुलाला पुढचा कॉल येईल.

११ मार्चला मी लेखी तक्रार पाठवली. उत्तर आलं, “विकलेला माल परत घेतला जाणार नाही, बिलाच्या मागे पाहा.” पाहिलं. बिलाच्या मागे हे वाक्य आहे, मुदत कुठलीच नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. माझे तीस दिवस २६ मार्चला पूर्ण होतात.

ता. १५ ला मी आमच्या इथल्या एका चामड्याच्या कारागिराकडे गेले. चपला आणि बैलांचे पट्टे करणारे गृहस्थ, होल्स्टर त्यांनी कधी केलं नव्हतं. त्यांनी बसायच्या आधीच विचारलं, कोणत्या हाताने काढता, गाडी कोणती चालवता, कुर्ता किती लांब, वर ओढणी असते का. ब्लाउज शिवायला दिला तर शिंपीसुद्धा मापाचा जुना ब्लाउज मागतो, तसं. जाड चामडं भिजवून माझ्या समोर रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर दाबून बसवलं, चक्रीचा फुगवटा त्यात उमटला. ओढणीचा धागा घोड्यात अडकतो म्हटल्यावर मागून एक उंच पाख ठेवली. कुर्त्याच्या आतून बांधायला दीड इंची ताठ पट्टा, त्यातूनच ओवलेलं होल्स्टर, क्लिप नाहीच. चौदाशे रुपये घेतले. उलटं करून झटकलं तरी रिव्हॉल्व्हर पडत नाही, आणि काढल्यावर तोंड उघडं राहतं.

माझ्या मागण्या अशा. किटचे ६,८५० रुपये, आणि पडल्यानंतर गन हाऊसमध्ये रिव्हॉल्व्हर तपासून घेतलं त्याचे ८०० रुपये परत करावेत. ‘युनिव्हर्सल’ आणि ‘साडी, ड्रेस, जीन्स, कशावरही’ हे शब्द जाहिरातीतून काढावेत. ही क्लिप ज्यांना विकली त्या सर्वांना फोन करून ती वापरू नका असं सांगावं. बिलं तुमच्याकडे आहेत, फोन नंबर त्यांच्यावर आहेत, आणि एवढे सगळे जण आत्ता या क्षणी कुठेतरी वाकत असणार. ऑर्डर घेणाऱ्याने निदान शस्त्र कोणतं आणि ग्राहक अंगावर काय घालतो, एवढं तरी विचारावं.

२६ मार्चपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. होल्स्टर आणि क्लिप मी जपून ठेवली आहे. आधी पोच द्या, मग पाठवते.

सोबत : बिलाची दोन्ही बाजूंची प्रत, होल्स्टरमध्ये शस्त्र किती वर राहतं याचा फूटपट्टीसकट फोटो, गन हाऊसची पावती.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव व पत्ता बिलाप्रमाणे. परवाना क्रमांक मुद्दाम लिहिलेला नाही, फोनवर विचारू नये.)