ताई, तुम्ही आडवा ठेवलेला तो पाय

आदरणीय फिजिओथेरपिस्ट ताई,

सप्रेम नमस्कार.

बाबांना पार्किन्सन्स (कंपवात) आहे. या आजारात दाराशी किंवा अरुंद जागेत पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी हात धरून ओढलं की धड पुढे येतं, पावलं मागेच राहतात आणि माणूस तोंडावर आपटू शकतो. तुम्ही बाबांना ओढलं नाहीत. ‘चला, चला’ही म्हणाला नाहीत. ‘काका, थांबा. ताठ उभे राहा. आता वजन डाव्या पायावर, आता उजव्या,’ असं म्हणत त्यांच्यासोबत डुललात आणि त्यांच्या पावलासमोर स्वतःचा पाय आडवा ठेवलात. ‘हा ओलांडा.’ बाबांनी ओलांडला!

आपोआप पडणारी पावलं या आजारात बिघडतात, पण डोळ्यांसमोर ओलांडायला काही असलं की मेंदू चालण्याचा दुसरा मार्ग धरतो, हे तुम्ही समजावलंत. मग दारात दीड-दीड फुटावर रंगीत चिकटपट्ट्या लावून दिल्यात. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा अर्धगोल घ्या. चालताना बोलू नका, हेही तुमचंच.

याआधी आलेल्यांनी व्यायामाचा छापील कागद हातात दिला, ‘रोज चालवा’ म्हणाले आणि निघाले. पार्किन्सन्सची गोळी कधी घेता, हे विचारलंसुद्धा नाही. तुमचा पहिला प्रश्न तोच होता. गोळीचा असर उतरलेला असताना व्यायाम करवला की पाय उचलत नाहीत, पडायची भीती बसते आणि माणूस व्यायामच सोडतो. आता गोळीनंतर पाऊण-एक तासाने, अंग मोकळं झालं की सुरुवात होते. खुर्चीतून उठायचं तर आधी खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकायचं, टाचा गुडघ्यांच्या मागे घ्यायच्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाकायचं आणि मग उठायचं. उठल्यावर लगेच चालायचं नाही, कारण रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते.

ज्ञान पुष्कळांकडे असतं. समोरच्याला लाज न वाटू देता ते देणारी माणसं कमी. थरथरत्या माणसाकडे घड्याळ न बघता पाहणं हा मोठा चांगुलपणा आहे, आणि तो तुमच्या प्रत्येक ‘घाई नाही’मध्ये होता.

आणि हो, बाबांना सांभाळणाऱ्या मावशींनाही तुम्ही शेजारी उभं करून सगळं शिकवलंत. कंबरेशी आधार कसा द्यायचा, हे त्यांच्याकडून दोनदा करून घेतलंत. त्याबद्दल मावशींच्या वतीने वेगळे आभार.

आपला कृतज्ञ,
काकांचा मुलगा