‘साखरविरहित’ लाडवांत गूळ

गेल्या आठवड्यात नौपाड्यातल्या एका दुकानातून ‘साखरविरहित’ अशी चिठ्ठी लावलेले लाडू आणले. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांनी विश्वासाने दोन खाल्ले आणि थोड्या वेळाने तपासली तर रक्तातली साखर चांगलीच वाढलेली. दुकानात विचारले, तर उत्तर मिळाले, ‘‘साखर नाहीच ताई, गूळ आहे.’’

अहो, गूळही उसाचाच! त्यात बहुतांश सुक्रोजच, म्हणजे नेहमीची साखरच असते आणि उष्मांक जवळपास साखरेइतकेच, ग्रॅममागे सुमारे 4. खजुरातून तंतू मिळतात हे खरे, पण त्याचा गोडवाही ग्लुकोज-फ्रुक्टोजचाच.

स्टीव्हिया या गोड पानांच्या वनस्पतीची गोष्ट वेगळी. पॅराग्वेचे ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिची पाने पेयांत घालत आले. त्या पानांतले स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड साखरेच्या 200 ते 300 पट गोड असते आणि रक्तातली साखर वाढवत नाही. आपल्याकडे 2015 मध्ये त्याला परवानगी मिळाली. मात्र स्टीव्हियाच्या पुडीची मागची बाजू वाचायलाच हवी. काही पुड्यांत माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली भुकटी) मिसळलेले असते, आणि ते साखर वाढवते. शिवाय वजन कमी करण्यासाठी स्टीव्हियासारखे साखरेचे पर्याय वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सुचवले आहे.

गणपती येत आहेत, ‘शुगर फ्री’ मोदकांचे फलक लागतील. अन्न व औषध प्रशासनाने त्याआधीच ठाण्यातल्या मिठाईवाल्यांना गूळ, खजूर, मध जे वापरले असेल ते ठळक लिहायला लावावे.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)