आयर्विनला किती फूट?

लेस्टर
रविवार

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही तिघंही खुशाल आहोत. रोज फोनवर दिसतेस आणि आता हे पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू बोलत कुठे, नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसतेस आणि शेवटी 'वाळलीस गं' म्हणून ठेवतेस. म्हणून या वेळी तोंड न दाखवता सांगायचं ठरवलं. मिरजेचं एक कुटुंब उद्या निघतंय, त्यांच्या बॅगेतून हे येईल. आप्पा, पाकीट तुमच्या हातात पडलं तर आधी आईला द्या. बायकांचं आहे. मागून वाचा हवं तर.

मागच्या खेपेला, 2022 साली, छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होऊन जखम भरल्यावर तुला कळवलं. तू आठ दिवस फोन घेतला नाहीस. घेतलास तेव्हा एवढंच म्हणालीस, "मी काय परकी हाय व्हय?" तेव्हा शब्द दिला होता की पुढच्या वेळी आधी सांगीन. आता सांगतेय. अगदी आधी नाही, मधेच म्हण. अर्धं होऊन गेलंय, उरलेलं बुधवारी कळेल. पत्र मंगळवारी तुला मिळेल, म्हणजे काळजी करायला एकच रात्र. तेवढा तुझा हक्क आहे, म्हणून ठेवली.

तर झालं असं. वर्षातून एकदा माझं मॅमोग्राम, म्हणजे छातीचा एक्स-रे असतो, ते तुला ठाऊक आहे. यंदाचं झालं आणि दोन आठवड्यांनी पत्र आलं, की आणखी काही फोटो काढायचेत, अमुक दिवशी या. बास. का, कशासाठी, काही नाही. ते पत्र मी चहाच्या डब्यामागे ठेवलं आणि चहा करताना रोज वाचलं. ह्यांना तिसऱ्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, तू कधी सांगतेस ते बघत होतो." दोघं एकाच घरात एकमेकांपासून तेच पत्र लपवत होतो!

इथे सरसकट तपासणीला जाणाऱ्या 100 बायकांत साधारण 4 जणींना असं परत बोलावतात, आणि त्या चौघींतल्या एखादीलाच खरं काही निघतं. हे मी मोबाईलवर रात्री तीन वाजता वाचलं. आणि लगेच डोक्यात आलं, की हा हिशोब ज्यांना आधी काही झालेलंच नाही त्यांचा आहे, माझा नाही. झालं, पुन्हा झोप उडाली. नर्सनेही तेच सांगितलं, पण दुसऱ्या बाजूने. म्हणाली, तुमचा हिशोब वेगळा, कारण ऑपरेशन आणि रेडिएशनचा शेक झालेल्या छातीत जुन्या जखमेपाशी काय काय दिसतं, ते निरुपद्रवी असलं तरी नीट पाहावं लागतं.

मला त्या वेळी तू आठवलीस. 2019 ला सांगलीत कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं आणि तुझी गव्हाची कोठी, आप्पांची कागदपत्रं, माझ्या लग्नाचा अल्बम, सगळं गेलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात आयर्विन पुलाला 25 फूट पाणी झालं की तू तांदूळ माळ्यावर चढवतेस. दादा ओरडतो, "अगं, इशारा 40 ला, धोका 45 ला, कोयनेतून अजून नीट सोडलंसुद्धा नाही." तू ऐकत नाहीस. मीही तुला हसायची, इथे बसून. आता हसत नाही. ज्याच्या घरात एकदा पाणी शिरलं, त्याला 25 फूटसुद्धा पुरतात. माझ्या काखेत नुसतं खाजलं तरी माझे तांदूळ माळ्यावर असतात.

तपासणी गेल्या गुरुवारी झाली. आदल्या दिवसापासून पावडर, डिओ काही लावलं नाही, कारण त्याचे कण फोटोत ठिपक्यांसारखे उमटू शकतात. (तू आंघोळीनंतर डबाभर पावडर उधळतेस, तुझा फोटो काढला तर नुसतं चांदणं दिसेल.) गळ्यातलं काढा म्हणाल्या. मंगळसूत्र हातात धरून उभी होते, तर त्या बाईंनी करड्या पुठ्ठ्याचं, काजूच्या आकाराचं एक भांडं पुढे केलं. त्यात ठेवलं. नंतर बघते तर कोपऱ्यात तशाच भांड्यांची चळत आणि वर पाटी, उलटीसाठी. दोन वाट्या असलेलं तुझ्या हातचं मंगळसूत्र गं, त्या उलटीच्या भांड्यात! इतकं हसू आलं की मशीनने दाबलं तेव्हा मी हसतच होते आणि फोटो हलला म्हणून पुन्हा काढावा लागला.

मग सोनोग्राफी. डॉक्टरबाई बराच वेळ एकाच जागी फिरवत होत्या, बोलत नव्हत्या. मी छताकडे बघून मारुतिस्तोत्र म्हणायला घेतलं आणि अर्ध्यात विसरले. शेवटी त्या म्हणाल्या, जुन्या जखमेशेजारी चरबी मरून तिची गुठळी झाल्यासारखी वाटतेय, बहुतेक तेच आहे. पण तुमचा आधीचा इतिहास बघता सुईने तुकडा घेऊन खात्री करू. जागा बधिर केली. सुई आत घालण्याआधी बाहेरच एकदा यंत्राचा 'खट्' आवाज ऐकवला, म्हणजे दचकायला नको. स्टेपलरसारखा. दुखलं नाही. आता तिथे वांग्याच्या रंगाचा डाग पडलाय, उतरतोय.

आता तू जे म्हणणार त्याची उत्तरं आधीच देऊन ठेवते. सुई टोचली की गाठ पसरते, हे खरं नाही. मी विचारून घेतलंय, तेही दोनदा, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. मशीनने दाबल्यामुळे गाठी होत नाहीत. मी जेवते. काम सोडलेलं नाही. आप्पा, खर्च काही नाही, तपासणी सरकारी आहे आणि माझी गोळीसुद्धा फुकट मिळते, या आजाराच्या पेशंटना तसं सर्टिफिकेटच देतात. आणि मावशीने पाठवलेल्या हळदीच्या कॅप्सूल मी घेत नाही, रागावू नका. आमटीतली हळद चालते. कॅप्सूलमधल्या जास्तीच्या अर्काचा माझ्या गोळीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून विचारल्याशिवाय घ्यायची नाही असं सांगितलंय. सांगलीच्या हळदीचा अपमान करायचा नाहीये मला.

एक गंमत सांगते, ती तुला पटणार नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून एक आजीबाई राहतात. त्यांना ह्यांच्याकडून कळलं. आपल्याकडे असतं तर काय झालं असतं? गावभागातल्या सगळ्या बायका शहाळी घेऊन आल्या असत्या आणि प्रत्येकीने आपल्या नात्यातली कोण कशी गेली ते सांगितलं असतं. या बाईंनी दाराच्या फटीतून एक कार्ड आत सारलं. बेल वाजवली नाही! मी आत चपात्या करत होते, पावलं ऐकू आली, फटीचं झाकण वाजलं आणि पावलं परत गेली. कार्डावर निळी फुलं, आत छापलेलं 'तुमची आठवण काढतोय' आणि खाली सही. आता तू म्हणशील, आठवण येते तर दार वाजवायला काय झालं? मीही तेच म्हटलं. पण इथे तसं नसतं. इथे कार्डांची अख्खी दुकानं असतात. घर घेतलं त्याचं वेगळं, गाडीची परीक्षा पास झाल्याचं वेगळं, नोकरी सुटल्याचं, कुत्रा मेल्याचं सुद्धा वेगळं. दार वाजवलं तर समोरच्याला बोलावं लागतं, केस नीट करावे लागतात, चहा ठेवावा लागतो. कार्ड फटीतून टाकलं की तुम्ही रडत असाल तर रडू शकता. आलेलं कार्ड मग शेकोटीच्या फळीवर उभं करून ठेवायचं असतं, आडवं नाही. किती दिवस ठेवायचं ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. 2022 ची अकरा कार्डं मी चार महिने ठेवली होती, शेवटी लेकानेच उचलली. सुरुवातीला मला हा सगळा कोरडेपणा वाटायचा. गुरुवारी तपासणीवरून परत आले, तर ते निळं कार्ड फळीवर उभं होतं आणि घरात कुणी काही विचारत नव्हतं. खरं सांगू, बरं वाटलं. पण शहाळं आलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

काळजीचं म्हणशील तर नर्सने एक उपाय सांगितलाय. दिवसभर काळजी येत राहिली तर तिला म्हणायचं, संध्याकाळी ये, आणि मग ठरल्या वेळी वीस मिनिटं बसून पोटभर काळजी करायची. आप्पा ठरल्या वेळी रेडिओला कान लावतात तशी मी सहा वाजता चहा घेऊन खिडकीत बसते. कधी कधी वीस मिनिटं संपायच्या आत मला भाजीची आठवण होते. रात्री तीनला मात्र ती वेळ न विचारता येते. तेव्हा उठून भडंग करते. आमच्याकडे सध्या दोन डबे भडंग आहे.

आता दादाच्या लेकीच्या लग्नाचं. दादा-वहिनीला वाटतंय की मी तिकिटाचं टाळतेय, आत्याला आता गावाकडचं लग्न नको झालंय. वहिनी बोलली नाही, पण कळलं. तसं नव्हतं गं. ते पत्र डब्यामागे असताना मला मार्गशीर्षातली तारीख तोंडातून काढवत नव्हती. आता तिकीट काढलंय. काल काढलं. पितृपंधरवड्यात काढलं म्हणून ओरडू नकोस. हे म्हणत होते, रद्द करता येईल असं घे, थोडं महाग पडेल. मी साधंच घेतलं.

कार्यालयाचे दीड लाख दादाच्या खात्यावर सोमवारी जमा होतील, त्याला सांग. पुढच्या आठवड्यात आणखी पन्नास. ह्यातलं काही दवाखान्यात गेलेलं नाही, हे आप्पांना नीट सांग, नाहीतर ते परत पाठवतील.

माझ्या पाटल्या नवरीला द्यायच्या आहेत. याचा भलता अर्थ काढू नकोस. काखेतल्या गाठी काढल्यापासून डावा हात अधूनमधून सुजतो, घट्ट काही घालायचं नाही असं सांगितलंय, आणि एकाच हातात पाटली घालून मी कुठे मिरवू? कपाटात पडून राहण्यापेक्षा तिच्या हातात दिसू देत.

आणि मुलाकडच्यांना माझं सांगितलं नाहीये, ते मला माहीत आहे. दादाने सांगितलं नाही, ताईच्या बोलण्यातून कळलं. मला राग नाही. हे घराण्यात आहे का ते बघायची माझी जनुकांची तपासणी तेव्हाच झाली होती, त्यात काही निघालेलं नाही, तो कागद दादाला पाठवते. वाटलं तर दाखवा, नाही तर नका दाखवू. पण मांडवात मला कुणी 'तब्येत कशी आहे' विचारलं तर काय सांगायचं ते तुम्हीच एकदा ठरवून मला कळवा, म्हणजे माझ्या तोंडून वेगळं जायला नको. ताईला मात्र मिरजेला नेऊन तिचा फोटो काढून घ्या, लग्नाच्या आधी. पैसे मी देते. ती 'मला काही होत नाही' म्हणेल. मीही म्हणायची.

बुधवारी इथल्या अकराला डॉक्टरांचा फोन आहे, म्हणजे तुमच्याकडे साडेतीन. काहीही असलं तरी चारपर्यंत मी तुला फोन करीन. तूच उचल.

आप्पांना साष्टांग नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. लग्नाच्या पैठणीवरचा ब्लाऊज शिवायला टाकशील तेव्हा जुन्या मापाचा देऊ नकोस. डावी बाही सैल ठेवायला सांग, आणि डावीकडे आतून अस्तर दुहेरी. शिंपिणीने कारण विचारलं तर सांगितलंस तरी चालेल.