आरोग्यमंत्री साहेब, लॅबवाल्यांना लोकांमध्ये जायला थोडे पैसे द्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
साहेब, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून बरीच वर्षं लॅबमध्येच काम करतोय. मागणी छोटी आहे, आधीच सांगून टाकतो. लॅब टेक्निशियन लोकांना शाळेत, ग्रामसभेत, आठवडी बाजारात जाऊन रक्त-लघवीची तपासणी म्हणजे नक्की काय असतं हे दाखवायला दहा-पंधरा हजारांची छोटी अनुदानं सुरू करा.

पेशंट आमच्यासमोर असतो जेमतेम पाच मिनिटं. मागे लाइन लागलेली, सुई टोचली, कापूस दाबून धरा सांगितलं की पुढचा. तेवढ्यात तो विचारतो तीन-तीन बाटल्या कशाला, अशक्तपणा येईल ना, आणि खरं तर सगळं मिळून दहा-बारा मिली पण नसतं, अंगात चार-पाच लिटर रक्त आहे, ग्रे बुचाच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं कारण साध्या ट्यूबमध्ये रक्त पडून राहिलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात आणि तासाला पाच-सात टक्के शुगर कमी होत जाते, पण हे कधी सांगणार. टीबीसाठी बेडका मागितला तर कितीतरी जण नुसती थुंकी घेऊन येतात. त्यात जंतू सापडला नाही की रिपोर्ट निगेटिव्ह, आणि माणूस खोकत घरी. त्यांचा काय दोष, छातीतून खोकून आणा हे कुणी नीट दाखवलेलंच नसतं.

आता सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा, रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा आजार. आपल्या पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वरच्या आदिवासी पट्ट्यात हा मोठा विषय आहे. राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा. चांगलंच आहे. पण शिबिरात पोरांची रांग, बोट टोचलं की पळ, कशासाठी टोचलं ते घरी सांगता येत नाही.

एकदा एका आश्रमशाळेत जेवणाच्या सुट्टीत मोठ्या मुलांना सोल्युबिलिटी टेस्ट करून दाखवली. द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, पाचेक मिनिटं थांबायचं आणि ट्यूब रेघा मारलेल्या कागदापुढे धरायची. नॉर्मल रक्ताच्या ट्यूबमधून रेघा स्वच्छ दिसतात, सिकलच्या कंट्रोलची (म्हणजे सिकल आहे हे आधीच माहीत असलेल्या नमुन्याची) ट्यूब गढूळ होते आणि रेघा गायब. मग वाहक (स्वतः आजारी नाही, पण मुलांना दोष देऊ शकतो असा) की आजारी ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या तपासण्यांवर ठरतं. पोरं एकमेकांच्या खांद्यावरून बघत होती, आणि एक मुलगी म्हणाली, सर मग आईची नि बाबांची पण केली पाहिजे ना? बरोबर तेच! दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के असते. पोस्टर लावून हा प्रश्न कुणी विचारला असता असं मला वाटत नाही.

ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्स दर नोव्हेंबरला पॅथॉलॉजी वीक करतं, लॅबवाले शाळेत, लायब्ररीत जातात आणि अशा कामाला छोट्या ग्रँट्सही दिल्यात. आपल्याकडे तर आरोग्य विज्ञान विद्यापीठच म्हसरूळला आहे. ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतं माहितीये, पण दोन खाती मिळून बसलात तर अर्ज तपासायला तिथेच माणसं मिळतील.

फक्त एक करा, अर्ज एक पानाचा आणि मराठीत ठेवा, सरकारी-खाजगी दोन्ही टेक्निशियनना चालू द्या, आणि पैसे थेट खात्यात टाका, टेंडरमध्ये अडकवलंत तर सगळे फ्लेक्सवर जातील. यात जुना मायक्रोस्कोप, रीएजंट, जीपचं भाडं एवढंच लागतं. हिशोबाला बिलं आणि अर्ध्या पानाचा रिपोर्ट घ्या, त्यात लोकांनी काय काय विचारलं ते लिहायची सक्ती करा. आणि एक अट कडक पाहिजे, कुणाचाही रिपोर्ट चारचौघात सांगायचा नाही. वाहक आहे एवढ्या कळण्यानं मुलीची सोयरीक मोडते हो, आणि एकदा असं झालं की ते गाव परत बोट पुढे करत नाही.

आश्रमशाळा जूनमध्ये उघडतात, त्याआधी जीआर निघाला तर पहिलं वर्ष आमच्या जिल्ह्यात करून बघा. पेठ-सुरगाण्याला जायला मी आणि माझ्या ओळखीतले बरेच जण तयार आहेत, रविवारी सुद्धा.

आपला,
नाशिकचा एक लॅब टेक्निशियन