‘प्री-मान्सून’ कशाला? वळीव म्हणा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की ‘प्री-मान्सूनची दमदार हजेरी’ असे मथळे दिसू लागतात. या मान्सून शब्दाविषयी थोडं लिहायचं आहे.

इंग्रजीतला हा शब्द मूळचा अरबी. ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ. हजचा, जत्रेचा, तसाच गलबतं हाकारायचाही. अरबी समुद्रावर पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो आणि हिवाळ्यात ईशान्येकडून. जायचं कधी आणि परतायचं कधी, हे खलाशी त्यावरच ठरवायचे. पोर्तुगीजांच्या तोंडी मौसिमचं ‘मोन्साँव’ झालं आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजीत शिरलं. आमच्या रेवदंड्यात पोर्तुगीजांचा तट अजून उभा आहे आणि आमची घरं, वाड्या त्याच्या आतच आहेत. तोच मौसिम आपल्याकडे मात्र वेगळ्या वाटेने, मोसम होऊन आला. आंब्याचा मोसम म्हणतो तोच हा. मान्सून आणि मोसम ही सख्खी भावंडं आहेत, आणि ‘मोसमी वारे’ हा शब्द आपण शाळेतच शिकलेलो असतो.

म्हणजे मान्सून हा मुळात वाऱ्याचा शब्द. पाऊस हा त्याला मागाहून चिकटलेला अर्थ. शास्त्राच्या भाषेत आजही मोसमानुसार दिशा बदलणाऱ्या वाऱ्यालाच मान्सून म्हणतात. तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस देतो तो ईशान्य मान्सून. केरळात मान्सून आल्याचं जाहीर करताना हवामान खातं नेमलेल्या १४ पैकी ६० टक्के केंद्रांवर सलग २ दिवस अडीच मिलिमीटर पाऊस झाला का, एवढंच पाहत नाही. पश्चिमेकडचा वारा किती उंचीपर्यंत आहे आणि किती वेगाचा आहे, हेही तपासतं.

हे सगळं लिहायचं कारण घरातलंच आहे. काही वर्षांपूर्वी मेच्या शेवटी दोन दिवस जोराचा पाऊस झाला. एका दैनिकात ‘प्री-मान्सून’ असा ठळक मथळा होता. माझ्या पुतण्याने त्यातलं ‘मान्सून’ तेवढं वाचलं आणि रोपांसाठी भाजून ठेवलेल्या जमिनीत, म्हणजे राबात, भात पेरलं. पुढचे बारा दिवस कडक ऊन. थोडं बी पाखरांनी टिपलं, उगवलेली रोपं पिवळी पडून माना टाकून बसली. बियाणं दुसऱ्यांदा विकत आणावं लागलं.

मथळ्यात ‘वळीव’ असतं तर त्याने पेरलं नसतं. वळीव कसा असतो ते इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. दुपार कलली की सह्याद्रीकडून काळे ढग चढतात, गडगडाट होतो, टपोरे थेंब पत्र्यावर ताडताड वाजतात आणि तासाभरात आभाळ मोकळं. मिरगाचा पाऊस समुद्राकडून येतो आणि बसून पडतो. वळवावर कुणी भात पेरत नाही. हे सगळं ज्ञान त्या एका शब्दात साठवलेलं आहे. ‘प्री-मान्सून’ म्हटलं की ते पुसलं जातं आणि उरतो तो मोठ्या पावसाचा भास. इंग्रजी शब्दांशी माझं भांडण नाही. मान्सून खुशाल लिहा, तो आता आपलाच झाला आहे. पण ‘प्री’ लावून वळवाची जागा त्याला देऊ नका.

आणखी एक विनंती. मान्सूनच्या बातमीत वारा कोणत्या दिशेचा आणि किती वेगाचा, याची एक ओळ रोज द्यावी. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जातात, तरी शेजारचे म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, पहाटे खाडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात. परत येताना त्यांना विचारलं, ‘काका, पाऊस कधी?’ तर ते पावसाचं काहीच बोलत नाहीत. ‘वारा अजून फिरला नाही,’ एवढंच सांगतात. पुतण्या आता पेरण्याआधी त्यांना विचारून येतो.

आपला,
एक वाचक
रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड